पट्टीखालची गोष्ट

तांबोळी मॅडम जपानी मालिका बघतात तेव्हा टॅबच्या काचेवर, अगदी खालच्या कडेला, ड्रॉइंग पेपरची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवतात. इंग्रजी वाक्यं उमटतात, नेमकं तिथंच. मॅडमना जपानी येत नाही. म्हणजे गोष्ट समजायचा जो एकमेव मार्ग आहे तो त्या स्वतःच्या हातानं बुजवतात, वर सेलोटेप लावतात आणि मग पलंगावर पाय वर घेऊन निवांत बसतात.

मी एकदा विचारलं, "मग कळतं कसं?"

"चेहऱ्यावरून," त्या म्हणाल्या. "वाचत बसलं तर चेहरे कधी बघायचे? पस्तीस वर्षं मी पोरींना चेहरा काढायला शिकवला. या लोकांनी इतक्या मेहनतीनं काढलेत, तर निदान बघावेत तरी."

मुमताज तांबोळी नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या आमच्या मिरजगावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या चौदा वर्षं शेजारी होत्या, आणि त्या निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरी जायला लागले. बाजारपेठेमागं दोन खोल्या आहेत, तिथं त्या एकट्या राहतात. लग्न केलं नाही. भावाचं कुटुंब पुण्यात. गेल्या ईदला पुतणी आली होती, ती जुना टॅब आणि जपानी मालिकांचं वेड मागं ठेवून गेली.

मॅडमचं सगळ्या गावाला माहीत असलेलं वैशिष्ट्य मात्र दुसरंच. मनात आलं ते त्या समोरच्याच्या तोंडावर सांगतात, आणि सांगून झालं की म्हणतात, "बोलून टाकलेलं बरं." हायवेवरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी भर गर्दीत सांगितलं होतं की तुझ्या भज्यात कांदा कमी आणि सोडा जास्त आहे. एका लग्नात मंडपाचे रंग बघून त्या वरबापाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हिरव्यावर जांभळा. क श्रेणी. जेवण मात्र अ श्रेणी." वरबापानं अर्धं वाक्य ऐकून तोंड पाडलं आणि उरलेलं अर्धं ऐकून त्यांना आग्रहानं पुन्हा पंगतीला बसवलं.

आमचे जुने मुख्याध्यापक वारले तेव्हाची गोष्ट. शोकसभेत एकेक जण उठून सर कसे देवमाणूस होते ते सांगत होता. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "सर वेळ पाळत नसत. रागीट होते. एकदा त्यांनी माझ्या वर्गातलं फुलदाणीचं चित्र उलटं लावलं आणि ते मान्य केलं नाही. पण गरीब पोरीला रंगपेटी पाहिजे म्हटलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं एकदाही झालं नाही." सभेत सगळे खाली बघायला लागले. नंतर सरांच्या बायकोनं मॅडमचा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "तुमी बोललात तेव्हा वाटलं, आपल्याच मान्साबद्दल चाललंय."

त्यामुळं लोक मॅडमना टाळतात आणि तरी बोलावतात. त्या चांगलं म्हणाल्या तर ते खरोखर चांगलं असतं, एवढी खात्री गावाला आहे.

दिवाळीच्या आधी आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मॅडमकडं दिवाळी अंकासाठी लेख मागितला. रांगोळीवर काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. मॅडमनी जपानी मालिकेचं परीक्षण लिहिलं. आठ फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी. शुद्धलेखन बघायला ते माझ्याकडं आले.

सुरुवात अशी होती: "ही मालिका म्हणजे कार्टून नव्हे. ज्यांना ती कार्टून वाटते त्यांनी पुढे वाचू नये."

मी पुढं वाचलं. समुद्राकाठचं एक छोटं गाव. तिथं एक तरुण मुलगी छत्र्या दुरुस्त करायचं दुकान चालवते. अबोल, नीटनेटकी. एका पावसात दुसरी एक मुलगी मोडकी छत्री घेऊन येते. ही गाणारी, केस लाल रंगवलेले, बडबडी, राहायला जागा नसलेली. छत्री दुरुस्त होते पण ही जात नाही. दुकानाच्या माळ्यावर राहायला लागते. मॅडमनी दोघींची जपानी नावं बाजूला ठेवून त्यांना सरळ 'छत्रीवाली' आणि 'गाणारी' केलं होतं.

"दोघींचं कशातच जमत नाही," मॅडमनी लिहिलं होतं. "छत्रीवाली वस्तू जागच्या जागी ठेवते. गाणारी जिथं बसते तिथं पसारा करते. तरी सहाव्या भागात गाणारी आजारी पडते तेव्हा छत्रीवाली तिच्या पसाऱ्यातली एकही वस्तू उचलत नाही, तसाच ठेवते. इथं चित्रकारानं छत्रीवालीच्या भुवया फक्त एक केसभर वर केल्या आहेत. एवढ्यात सगळं सांगितलं. अ श्रेणी."

मला ते इतकं आवडलं की मुलीकडून तीच मालिका माझ्या फोनवर लावून घेतली. बारा भाग मी चार दिवसांत पाहिले. माझ्या फोनवर पट्टी नव्हती, वाक्यं वाचता येत होती. अकरा भागांपर्यंत मॅडमनी चेहऱ्यांवरून जे ओळखलं होतं ते जवळजवळ सगळं बरोबर होतं. मी थक्क झाले.

बाराव्या भागाबद्दल मॅडमनी लिहिलं होतं: "शेवटी गाणारीचा भाऊ येतो. तिचं लग्न ठरवलेलं आहे. तिला जायचं नाही. स्टेशनवर ती छत्रीवालीकडं बघते, तू सांग याला, असं तिचे डोळे म्हणतात. छत्रीवाली गप्प उभी राहते. गाडी निघून जाते. मालिका इथं संपते. एवढे अकरा भाग मन लावून काढल्यावर या मुलीला एक वाक्य बोलायची हिंमत देता आली नसती का? या भागाला श्रेणी नाही."

पण बाराव्या भागात असं काहीच नव्हतं. तो माणूस भाऊ नव्हता. तो शहरातल्या गाण्याच्या कंपनीचा माणूस होता आणि गाणारीला काम द्यायला आला होता. ती आनंदानं रडत होती. छत्रीवालीनंच तिला स्टेशनवर येण्याआधी जा म्हणून सांगितलं होतं, आणि गाडीपाशी ती गप्प होती ती भरून आलं होतं म्हणून.

रविवारी दुपारी मी कागद घेऊन मॅडमकडं गेले. त्या पेन्सिलींना टोक करत बसल्या होत्या.

"मॅडम, परीक्षण फार छान झालंय. फक्त शेवटी एक चूक आहे. तो तिचा भाऊ नाही."

"भाऊच आहे."

"अहो, मी वाचलंय ना."

"मी बघितलंय. पिशवी तिच्या हातातून कशी घेतो ते बघा. भाऊच अशी घेतो. विचारत नाही."

मी म्हटलं, "एकदा पट्टी काढून बघा. आवडलं नाही तर परत लावा."

त्यांनी पेन्सिलीची सालपटं बाजूला सारली. मग टॅब काढला, नखानं सेलोटेप सोडवला आणि बारावा भाग लावला. मॅडम इंग्रजी सावकाश वाचतात, दर वाक्याला थांबवून. तो माणूस काय बोलला ते वाचलं. गाणारी काय बोलली ते वाचलं. छत्रीवाली 'जा, मी इथंच आहे' म्हणते तिथं त्यांनी चित्र थांबवलं आणि ते तसंच राहिलं.

"म्हणजे हिला जायचं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि हिनं सांगितलं तिला. बोलली ती."

"हो मॅडम."

त्यांनी टॅब पालथा ठेवला. माझ्या हातातले कागद घेतले, नीट दुमडले आणि उशीखाली सरकवले. "संपादकांना सांगा, लेख होत नाही म्हणावं."

मला वाटलं, चूक निघाली म्हणून रागावल्या. मी उठायला लागले. त्या म्हणाल्या, "बसा जगताप मॅडम. चहा टाकते." चहा काही टाकला नाही. पेन्सिलीच्या सालपटांकडं बघत त्यांनी जे सांगितलं ते चौदा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या एकोणीस वर्षांच्या असताना नगरला चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा कोर्स करत होत्या. राहायला खालाकडं, म्हणजे मावशीकडं, माडीवर. त्याच वर्गात सिंधू नावाची मुलगी होती, अकोले तालुक्याच्या डोंगरातली. तिला कुठं खोली मिळेना, म्हणून खालानं माडीचा अर्धा भाग तिला दिला. सिंधू मोठ्यानं हसायची, चपला दारात आडव्या टाकायची, घरून आणलेला तांदूळ शिजवायची आणि मुमताजला म्हणायची, तुमच्या कर्जतकडं भात म्हंजे आजारी मान्साचं जेवन, आमच्याकडं येऊन बघ. मुमताजची प्रत्येक रेघ पट्टीनं मारलेली. सिंधू घर काढायची तर त्याच्या चारी भिंती एकदम दाखवायची. सर रागावले की म्हणायची, मानूस चारी भिंतींच्या आत राहतो, मग चारी दिसायला नगं का?

"मला तिचा इतका राग यायचा," मॅडम म्हणाल्या, "आणि ती सुट्टीला गावी गेली की माडी खायला उठायची. रोज्यात पहाटे मी उठले की ती पण उठायची. हिला काय गरज? म्हणायची, एकटीनं काय जेवतीस."

दुसऱ्या वर्षी परीक्षेला तीन महिने राहिले असताना सिंधूचा थोरला भाऊ आला. लग्न ठरलं होतं. खालानं मुमताजला डबा देऊन स्टँडवर पाठवलं.

"स्टँडवर ती मला म्हणाली, त्याच्यासमोर म्हणाली, मुमताज, तू सांग दादाला. तीनच महिने राहिलेत. तू नीट बोलतीस, तुझं ऐकंल तो. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. वाईट माणूस नव्हता हो. वाट बघत होता, मी काय म्हणते त्याची." मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आणि मी डबा पुढे केला. म्हणाले, कालवण वरच्या पुडात आहे, सरळ धर, सांडेल."

मी सालपटं एका कागदात गोळा केली.

"नंतर पत्र?" मी विचारलं.

"काय लिहिणार? मी पास झाले. नोकरी लागली. ती काय करतेय ते विचारायचं तोंड नव्हतं मला."

दिवाळी अंक निघाला. परीक्षणाच्या जागी खताची जाहिरात होती.

मी कुणाला न सांगता अकोले तालुक्यातल्या एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन केला. मॅडमच्या बोलण्यात आलेलं सिंधूच्या माहेरचं गाव आणि साधारण वय एवढंच हाताशी होतं. आठवड्यानं त्या शिक्षिकेचा फोन आला. सिंधूबाई आहेत, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात, मुलगा-सुनेबरोबर. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावतील अशी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "जाऊ. बोलून टाकलेलं बरं."

पहिल्या एसटीनं निघालो. नगर, संगमनेर, अकोले. संगमनेरपर्यंत मॅडमनी ड्रायव्हरचं ब्रेक मारणं, समोरच्या बाईच्या साडीचा काठ आणि स्टँडवरचा चहा यांना श्रेण्या दिल्या. अकोल्यात उतरून जीपमध्ये बसलो तेव्हा त्या गप्प झाल्या. दोन्ही बाजूंना भात पिवळा होऊन कापणीला आला होता. मॅडमचे ओठ हलत होते. पाठ करत होत्या.

सिंधूबाई अंगणात सुपात काहीतरी पाखडत होत्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, केस सगळे पांढरे. उन्हाकडं हात धरून त्यांनी विचारलं, "कोन पायजे?" मग सूप खाली ठेवलं. "मुमताज," त्या म्हणाल्या. "अजून तशीच ताठ चालतीस व्हय गं तू."

त्यांनी मॅडमना मिठी मारली तेव्हा मॅडमचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग त्यांनी ते सिंधूबाईंच्या पाठीवर ठेवले.

आत नेऊन बसवलं. सुनेनं भात-वरण वाढलं. सिंधूबाई एकसारख्या बोलत होत्या. नवरा जाऊन सात वर्षं झाली, दोन पोरी नाशिकला दिल्या, गुडघे लई दुखतात, यंदा भात बरा आहे. मॅडम भिंतीकडं बघत होत्या. भिंतीवर दिनदर्शिका होती आणि घड्याळ होतं. चित्र नव्हतं.

"काढतेस का काही?" मॅडमनी विचारलं.

"कसलं काढतीया. दारात रांगुळी, तीबी सूनच काढती आता."

मॅडमनी ताट बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सिंधू, त्या दिवशी नगरच्या स्टँडवर तू मला तुझ्या दादाला सांगायला सांगितलंस. मी बोलले नाही. मी बोलायला पाहिजे होतं. तो थांबला असता."

सिंधूबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. "कवाचं काढतीस बाई. मला तर काय बी आठवत न्हाई. दादा आला, मी गेले. मलाच कट्टाळा आल्ता त्या कागदं रंगवायचा. घे, अजून भात घे."

"तू म्हणाली होतीस. तीनच महिने राहिलेत म्हणून."

"म्हनले आसंल. न्हाई बा आठवत."

मॅडम 'बरं' म्हणाल्या. एवढंच. त्यांनी आणखी भात घेतला आणि सगळा संपवला.

निघताना सिंधूबाई रस्त्यापर्यंत आल्या. मॅडम पुढं जाऊन जीपमध्ये बसल्या. जीप भरायची वाट बघत उभी होती. सिंधूबाईंनी मला दंडाला धरून मागं ओढलं.

"तुमी तिच्या कोन?"

"शाळेतली. शेजारच्या खुर्चीवरची."

"मग तिला सांगू नका," त्या हळू म्हणाल्या. "मला समदं आठवतंय. एक वरीस मी तिचा राग धरला हुता. मग पोरगी झाली, राग ठेवायला जागा ऱ्हायली न्हाई. आन् ती तरी काय बोलनार हुती, एवढीशी पोर, परक्या मान्साफुडं. पन गाडी सुटली तवा ती मागं पळत आली हो. चपला हातात घिऊन. पार स्टँडच्या फाटकापत्तोर. तोंड हालत हुतं तिचं. काय तरी बोलत हुती, इंजनाच्या आवाजात ऐकू आलं न्हाई मला." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "न्हाई आठवत म्हनलं म्हंजी तिच्या डोक्यावरचं वझं तरी उतरंल. म्हनून म्हनले."

अकोल्याहून एसटी मिळाली. मॅडम खिडकीशी बसल्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"विसरली ती," त्या म्हणाल्या. "बरंच झालं. माणसाला पुढं जायचं असतं."

ओझं उतरलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. इतकी वर्षं ज्या गोष्टीपाशी त्या रोज जाऊन उभ्या राहत होत्या, तिथं आपण एकट्याच उभ्या होतो असं आज त्यांना कळलं होतं. बाहेर ऊस, पेट्रोलपंप, ढाबे जात होते. त्यांनी कशालाच श्रेणी दिली नाही.

सिंधूबाईंनी मला सांगू नका म्हटलं होतं. मी शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. सात-आठ मैल मी तशीच बसून राहिले. मग मला वाटलं, आपण गप्प बसलो तर ही गोष्ट आता आपल्या पदरात राहणार, आणि ती किती वर्षं पुरते ते तर समोरच दिसत होतं.

"मॅडम, त्यांना सगळं आठवतंय," मी म्हणाले.

त्या वळल्या. मी सांगितलं. राग, पोरगी, परका माणूस, फाटक, चपला. त्या ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"चपला म्हणाली? मला आठवत नाही चपलांचं."

"चपला हातात घेऊन, म्हणाल्या."

"आणि फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंत."

संगमनेरचे दिवे दिसायला लागले. उतरायचं म्हणून लोक आधीच उठून उभे राहिले होते. मॅडम बसूनच होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"काय बोलत होतात तुम्ही तेव्हा?" मी विचारलं.

"दादाला हाका मारत होते," त्या म्हणाल्या. "तीनच महिने राहिलेत, म्हणत होते. तोपर्यंत गाडी लांब गेली होती."